साडभाऊ आणि पिवळा दिवा

जगात जेवढे म्हणून इशारे लिहिले, छापले, रंगवले किंवा ध्वनिमुद्रित केले जातात, ते सगळे एका माणसासाठी केले जातात आणि तो माणूस बुलढाण्याजवळ देऊळघाटात राहतो. बाकीचे आपण त्या इशाऱ्यांच्या बाजूनं नुसते निघून जात असतो. 'सावधान, पुढे धोकादायक वळण आहे' ही पाटी दिसल्यावर आपण काय करतो? रंग उडालाय हे पाहतो, शुद्धलेखनाची चूक शोधतो (हे मी करतो) आणि वळण घेऊन टाकतो. तो माणूस मात्र पाटीजवळ गाडी हळू करतो, काच खाली घेतो, पुढं वाकून वळण नीट पाहून घेतो आणि मग खरोखर सावध होतो. हा माणूस माझा साडू लागतो. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. ते थोरल्या बहिणीचे, मी धाकटीचा. पण एकमेकांना हाक मारताना आम्ही दोघंही 'साडभाऊ' असंच म्हणतो, त्यामुळं वय, शेती, शिक्षण वगैरे तपशील आपोआप बाजूला पडतात. ते भाजीपाला पिकवतात, मी चिखलीच्या एका कॉलेजात पुस्तकं सांभाळतो. पुस्तकांच्या आतही बरंच काही सांगितलेलं असतं, पण ते मनावर घेणारा वाचक मला इतक्या वर्षांत भेटला नाही. तो भेटला असता तर साडभाऊंसारखा असता, एवढंच मी सांगू शकतो.

घाटात एक पाटी आहे : 'सावकाश जा, घरी कोणीतरी आपली वाट पाहत आहे.' एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. साडभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि घरी फोन लावला. "काय वं, वाट पाहून राह्यली का?" पलीकडून ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणाल्या, "नाई. मालिका पाहून राह्यली. काऊन?" साडभाऊ म्हणाले, "काई नाई. इथं पाटीवर लिहेल हाये." फोन खिशात ठेवून त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग गाडी सुरू करत म्हणाले, "तरी सावकाशच जाऊ." फोनवर पलीकडचा माणूस येण्याआधी हल्ली एक बाई भामट्यांपासून सावध राहायला सांगते. तिला आपण किती निर्दयपणे तोडतो! साडभाऊ ती संपेपर्यंत ऐकतात आणि शेवटी "हाव बाई" म्हणतात. एकदा मी फोन जरा लवकर उचलला, तर "थांबा साडभाऊ, बाईचं अर्धं राह्यलं" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा लावला. आलेला आकडा कोणालाही सांगू नका, असं बँकेनं कळवल्यापासून ते कोणताच आकडा कोणाला सांगत नाहीत. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं मोबाइलवर आलेला आकडा विचारला, तेव्हा त्यांनी त्याला शांतपणे विचारलं, "तू कोणीतरी हायेस का नाईस?" तो म्हणाला, "हाये की." "मंग तुलेबी नाई सांगता येत." सिलिंडर परत गेलं. ताईंनी पुढचे काही दिवस चुलीवर स्वयंपाक केला आणि धुरातून त्या नवऱ्याला जे जे बोलल्या ते सगळे इशारेच होते. पण तेवढे मात्र साडभाऊंनी ऐकले नाहीत. त्यांच्या चरित्रात हा एवढाच अपवाद सापडतो.

फवारणीच्या औषधाच्या डब्यावर हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते भिंग लावून वाचणारा आणि भर उन्हात ते सगळं अंगावर चढवून वांग्याच्या सऱ्यांमधून फिरणारा शेतकरी पहिल्यांदा दिसला तेव्हा गावानं मनसोक्त हसून घेतलं. "भाऊ, चंद्रावर चालले का?" असं बांधावरून लोक विचारत. "डब्यावर लिहेल हाये," एवढंच उत्तर. फवारणीनं डोळे गेलेली, दवाखान्यात पोचलेली माणसं आमच्या भागानं पाहिलेली आहेत, त्यामुळं मला काही हसू आलं नाही. उलट मला त्या माणसाविषयी जे वाटू लागलं त्याला आदर म्हणणं कमी पडेल. मी एकदा त्यांना म्हणालो, "साडभाऊ, सगळ्यांचं ऐकत बसायचं तर माणसानं जगायचं कधी?" ते म्हणाले, "कोनीतरी वेळ काढून आपल्याले सांगून राह्यलं ना? मंग आयकाव. नाई आयकलं तर पुढच्या खेपेले तो सांगनार नाई." या एका वाक्यावर कोणी ग्रंथ लिहिला असता तर मी तो आमच्या ग्रंथालयाच्या दर्शनी कपाटात ठेवला असता आणि तो कोणीही नेला नसता.

साडभाऊंना एकच मुलगी. तिनं ढोरांची डॉक्टर व्हायचं हे तिच्याआधी त्यांनी ठरवलं होतं. "पोरीच्या जातीले ढोरायमागं कायले लावता?" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्यांनी सांगितलं होतं, "ढोर बोलत नाई. त्याचं आयकनारं कोनीतरी पाह्यजे." पोरगी शिकली आणि तिला सरकारी नेमणूक मिळाली ती थेट गडचिरोलीच्या जंगलाकडच्या एका दवाखान्यात. आमचा जिल्हा विदर्भाच्या एका टोकाला, तो दुसऱ्या. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार, असं आदेशात स्पष्ट होतं. आणि लिहिलेलं मानायचं या घरात वेगळं सांगावं लागत नव्हतं. तिकडं गावोगाव फिरायचं म्हणून घरची गाडी तिनं न्यायची असं ठरलं. ती गाडी चांगली चालवते. बापानं शिकवलेली असल्यामुळं ती वळणावर हॉर्न वाजवते आणि ट्रकच्या मागं 'हॉर्न प्लीज' लिहिलेलं असेल तेव्हाही वाजवते.

मुलगी जाणार हे ठरलं. साडभाऊ अकोल्याला गेले आणि गाडीची चारही चाकं बदलून आले. तिकडचे रस्ते कसे असतील कोण जाणे, म्हणून जाड, रुंद टायर आणि त्यांना पेलतील अशा नव्या रिमा. एखाद्या तलाठ्यानं सैनिकाचे बूट घालावेत तशी ती गाडी दिसू लागली. जुनी चाकं, टायरसकट, त्यांनी परत आणली. चांगल्या रिमा, टायरही अर्धेच झिजलेले, टाकायचे कशाला? भाजी बाजारात न्यायला ट्रॅक्टरच्या मागं लावायची एक छोटी ट्रॉली गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं अर्धवट उभी होतीच. त्याला चाकं हवी होती. त्यानं त्याच दिवशी ती चारही चाकं ट्रॉलीला जुळवून दिली. आमच्याकडं कोणतीही वस्तू मरत नाही, तिची फक्त बदली होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊंनी गाडी काढली आणि गाव ओलांडायच्या आत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. आडव्या कापलेल्या टायरचं चित्र आणि त्यात उद्गारचिन्ह, असं त्याचं रूप. ताईंना ती कढई वाटली, आत चमचा उभा केलेली. त्याचा अर्थ, चाकांतल्या हवेत काहीतरी गडबड आहे किंवा गाडीला चाकांची हवा कळत नाहीये. अशा गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरायच्या नळीच्या बुडाशी खारकेएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. चाक फिरू लागलं की तो आपल्या चाकात किती हवा आहे ते बिनतारी गाडीला सांगत राहतो. फार लांबचं गाडीला ऐकू येत नाही, पण चाक काही गाडीपासून लांब जात नाही, अशी बनवणाऱ्यांची समजूत. साडभाऊंनी चारही चाकांची हवा पंक्चरवाल्याकडून मोजून घेतली. बरोबर होती. बटण दाबून पाहिलं, गाडी बंद करून उघडून पाहिली, चाकं बदलल्यावर थोडं फिरवलं की आपोआप जातो असं अकोल्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं म्हणून पुढच्या धाड गावापर्यंत फिरवून आणली. दिवा तसाच. संध्याकाळी त्यांनी घरात जाहीर केलं, "दिवा गेल्याबिगर पोरगी जानार नाई."

त्या आठवड्यात मी कॉलेजला रजा टाकून तिथंच होतो. सामान बांधायला म्हणून बोलावलेला, पण मुख्यतः इंग्रजी पुस्तिका वाचून दाखवायला वापरलेला. त्या पुस्तिकेत प्रत्येक पानावर 'अधिकृत केंद्राशी संपर्क साधा' एवढाच उपदेश होता, म्हणून आम्ही अधिकृत केंद्राशी संपर्क साधला. तिथं टाय घातलेला एक तरुण आमच्यापुढं किंचित वाकला. त्यानं एक यंत्र गाडीला जोडलं, यंत्राकडं बघून मान हलवली, मग त्याच मानेनं आमच्याकडं पाहिलं. मी आजवर जेवढे समारंभ पाहिले त्यांत मान्यवर असेच मान हलवतात. तो म्हणाला, "तसा काही इश्यू नाही सर."

"दिवा हाये ना?"

"हो, दिवा आहे."

"मंग इश्यू हाये."

तरुणानं यंत्रात पुन्हा पाहिलं. "सेन्सर रिस्पॉन्स देत नाहीयेत सर. चारही खराब झाले असतील. नवीन मागवू. पुढच्या आठवड्यात येतील."

"सोमवारच्या अगोदर?"

"सोमवारनंतरच सर."

"चारही मुके झाले म्हनता," साडभाऊ म्हणाले, "मंग काल संध्याकाळी अंगणात, पुढच्या डाव्या चाकात हवा कमी हाये, हे कोनं सांगतलं?"

कारण हेही खरं होतं. आदल्या संध्याकाळी साडभाऊ अंगणात, गाडीची किल्ली फिरवून, नुसते दिव्याकडं बघत बसले होते. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. अंधारून येताना दिवा एकाएकी गेला, पडद्यावर चार चाकांचे आकडे उमटले आणि त्यातलं पुढचं डावं थोडं कमी, पण दिवा लागावा इतकं नाही, असं दिसलं. थोड्या वेळानं सगळं पुसलं गेलं आणि दिवा पुन्हा लागला. टायवाल्या तरुणानं याला 'इंटरफिअरन्स' असं नाव दिलं. ज्याला काही कळत नाही त्यानं त्याला मोठं नाव देणं हा आमच्याही क्षेत्रातला जुना रिवाज आहे, त्यामुळं मी त्याला मनोमन ओळखलं.

घरी परतल्यावर सल्ल्यांचा पूर आला. शेजारच्या एका जाणकारानं दिव्यावर काळी पट्टी चिकटवायला सांगितली. त्याच्या स्वतःच्या गाडीत अशा इतक्या पट्ट्या होत्या की डॅशबोर्डला सुतक असल्यासारखं वाटे. साडभाऊ म्हणाले, "अन् पोरीच्या डोयावरबी एक चिकटवू का?" तो जाणकार चहा न घेता गेला. ताई मात्र स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊजी तो दिवा. कायले मागं लागता? सोमवार गेला का गेला." बोलताना त्या पोळीकडं बघत होत्या. साडभाऊ दारात उभे होते हे आम्हाला दिसलं नव्हतं. ते म्हणाले, "असं नाई करता येत." ताई उसळल्या, "लोकं पोरीले दिवा लावून वाटे लावतात, अन् तुमी दिवा घालवून लावा!" साडभाऊंनी यावर विचार केला. खरंच विचार केला, मी पाहिलं. मग म्हणाले, "तो येगळा, हा येगळा," आणि पुन्हा गाडीत जाऊन बसले.

तपासाची त्यांची रीत मी आयुष्यात विसरणार नाही. दिवा दुसऱ्या दिवशीही बरोबर सांजेलाच गेला. ताईंनी देवाजवळ दिवा लावला आणि तिकडं हा गेला. ताईंचं म्हणणं पडलं की एका घरात दोन दिवे कशाला लागतील, देवाचा लागला की तुमचा जातो. एरवी असलं काही ऐकलं की मी तोंडात पान असल्यासारखा गप्प बसतो. साडभाऊंनी ते तपासायचं ठरवलं. त्यांनी ताईंना तिसऱ्या प्रहरीच देवाजवळ दिवा लावायला सांगितलं. उन्हात दिवा लावायला ताई तयार होईनात. शेवटी 'हे आमच्यासाठी नाही, यांच्यासाठी आहे' असं देवाला सांगून त्यांनी वात पेटवली. साडभाऊ गाडीत. काही झालं नाही. "देव नाई," त्यांनी खिडकीतून निकाल दिला. मग सांजेला अंगणात आणखी काय काय होतं याची त्यांनी उजळणी केली. कोंबड्या झाकतात; त्यांनी त्या दुपारीच झाकायला लावल्या. लाइट येते, त्यांनी मेन स्विच खाली ओढला. कोंबड्या नव्हेत, लाइट नव्हे. मग सांज झाली, गाई आल्या, बाजारातून ट्रॉली आली, शेजारची पोरं ओरडत गेली आणि दिवा गेला. "पुढचं डावं कमी!" आतून साडभाऊ ओरडले. मुलीनं पंप आणला, गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात हवा भरली. पडद्यावरचा आकडा ढिम्म. "आखीन." तिनं आणखी भरली. "आखीन." ती उभी राहिली.

"बाबा, फुटंन तो! दगडावानी झाला. गाडी खोटं बोलून राह्यली."

"गाडी काऊन खोटं बोलंन? तिले काय फायदा?"

एवढ्या पुस्तकांत मी राहतो, पण इतका निर्मळ प्रश्न मला कुठं भेटलेला नाही. इतक्यात दिवा पुन्हा लागला. साडभाऊ खाली उतरले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, ताप पाहावा तसा.

शनिवारी सकाळी आम्ही बुलढाण्याला निघालो. अकोल्याच्या दुकानदारानं तिथल्या एका टायरवाल्याचा पत्ता दिला होता. मुलगी गाडी चालवत होती, साडभाऊ तिच्या शेजारी, मी मागं. पुढच्या डाव्या चाकात ठासून हवा भरलेली असल्यामुळं प्रत्येक खड्डा माझ्यापर्यंत सविस्तर पोचत होता. घरची ट्रॉली आमच्या आधी निघाली होती. गावाबाहेर ती दिसली : ट्रॅक्टरवर जुना सालदार, मागं कोबी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचा हिरवागार ढीग. रस्ता अरुंद, समोरून ऊस भरलेली गाडी. मुलगी ट्रॉलीच्या मागंच राहिली.

"गेला!" साडभाऊ म्हणाले.

दिवा गेला होता. आकडे उमटले होते. पुढचं डावं कमी. मुलीनं संधी मिळताच ट्रॉलीला मागं टाकलं. थोडं पुढं गेल्यावर आकडे पुसले गेले आणि दिवा लागला.

"थांब," साडभाऊ म्हणाले. "गाडी बाजूले घे."

ती थांबली. ट्रॅक्टर आवाज करत आमच्या पुढं गेला. "आता त्याच्या मागं जाय. मागंच राह्य." ती मागं गेली. दिवा गेला. "आता पुढं घे." दिवा लागला. हे आम्ही पुन्हा केलं. मग पुन्हा केलं. साडभाऊ एकदाच काही घडलं तर त्याला पुरावा मानत नाहीत. सालदाराला मात्र आपल्या मालकाची गाडी एकदा पुढं जाते, थांबते, मागं येते, पुन्हा पुढं जाते एवढंच दिसत होतं. अखेर त्यानंच ट्रॅक्टर थांबवला आणि वळून ओरडला, "मालक, काय झालं? पोरीले गाडी येत नाई का? तिकडं गडचिरोलीले कशी जाईन मंग ते?"

"तू गप राह्य ना बावा," मुलगी काच खाली करून म्हणाली.

साडभाऊ उतरले. ते ट्रॉलीपाशी गेले, पुढच्या डाव्या चाकासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी त्या टायरवर अंगठा दाबला. अंगठा किंचित आत गेला. खालच्या बाजूला एक खिळा रुतलेला होता. त्यांनी बोटानं खिळ्याचं डोकं चाचपलं. आम्ही दोघं मागं उभे. सालदार वरून वाकलेला. मग साडभाऊ आमच्याकडं न बघता म्हणाले, "साडभाऊ, हे चारही इतके दिवस खरंच सांगून राह्यले होते. आपनच भलत्या चाकात हवा भरून राह्यलो."

तेव्हा सगळा उलगडा झाला. अकोल्यात गाडीला नवी चाकं बसली, पण सेन्सर कोणी काढलेच नाहीत. ते जुन्या चाकांच्या पोटातच राहिले आणि जुनी चाकं ट्रॉलीखाली गेली. कोबीच्या ओझ्याखाली, चिखलातून, शेणातून ती फिरत होती आणि आपल्यात किती हवा आहे ते इमानानं आपल्या गाडीला सांगत होती. सांजेला ट्रॉली अंगणात शिरली की गाडीला त्यांचं ऐकू येई, चाकं थांबली की थोड्या वेळानं येईनासं होई. टायवाला तरुण, पुस्तिका, मी, काळी पट्टी, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की हे सेन्सर मुके आहेत किंवा खोटे आहेत. त्यांच्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवणारा एकच माणूस होता. मी साधारणपणे भारावून जात नाही. भारावलेल्या माणसांची भाषणं मला बसून ऐकावी लागतात, त्यामुळं ती सवय लागलेली नाही. पण त्या रस्त्यावर, सांभाराच्या वासात, त्या उकिडव्या पाठीकडं बघताना मी टोपी घालत असतो तर ती काढली असती.

पुढचं काम टायरवाल्याचं. बुलढाण्यात त्याच्या दुकानासमोर गाडी आणि ट्रॉली शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, दोन्ही जॅकवर. एकीचं चाक निघे, त्याच्या पोटातून सेन्सर निघे आणि दुसरीच्या चाकात जाई. ट्रॉलीच्या चाकांना साध्या नळ्या बसल्या, खिळा निघाला, पंक्चर काढून झालं. दगड झालेल्या टायरची जास्तीची हवा सोडली तेव्हा तिचा एवढा दीर्घ सुस्कारा निघाला की रस्त्यावरची माणसं थांबली. आधीच बरीच थांबलेली होती. बाजाराची वेळ टळली, तेव्हा साडभाऊंनी सांभाराच्या जुड्या त्याच बघ्यांना वाटून टाकल्या. कोणीतरी विचारलं, "भाऊ, काय कार्यक्रम हाये?" साडभाऊ म्हणाले, "बदली." प्रत्येक सेन्सर चाकात जाण्यापूर्वी त्यांनी तो मागून घेतला, सदऱ्याला पुसला आणि तळहातावर ठेवून पाहिला. टायरवाला घाई करत होता. साडभाऊंना घाई नव्हती.

मग मुलगी एकटीच गाडी घेऊन चिखलीच्या रस्त्यानं फिरवून आणायला गेली. गाडीनं आपले जुने ओळखले का, हे थोडं चालल्याशिवाय कळणार नव्हतं. साडभाऊ दुकानासमोरच्या बाकावर बसले. मी त्यांच्याकडं पाहत होतो. मला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं की या घरात मुलीला थांबवून धरू शकेल अशी एकच गोष्ट उरली होती. सोमवार टळेपर्यंत ती नुसती असू दिली असती तरी पुरे होतं, कोणी बोट दाखवलं नसतं. आणि हा माणूस जेवणखाण सोडून तीच काढून टाकायच्या मागं लागला होता. गाडी आली. मुलीनं काच खाली करून सांगितलं, "गेला बाबा." साडभाऊ म्हणाले, "बरं झालं," आणि बाकावरून उठायला त्यांना जरा वेळ लागला.

रविवारी सकाळी उजाडता उजाडता सामान भरून झालं. ताईंनी ओवाळलं, हातावर दही दिलं, पदर डोळ्यांना लावून आत जाऊन पुन्हा बाहेर आल्या. मुलगी माझ्या पाया पडली, "येतो मावसाजी" म्हणाली आणि गाडीत बसली. साडभाऊ तिच्या खिडकीशी वाकून उभे राहिले, दारावर हात ठेवून. तिनं किल्ली फिरवली. गाडी सुरू होताना डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे एकदम लागतात, आपण शाबूत आहोत हे दाखवायला; लाल, पिवळे, केशरी, ओळखीचे आणि अनोळखी. साडभाऊंचा चेहरा त्या उजेडात रंगीत झाला. मग एकेक दिवा जाऊ लागला.

"राह्यला का एखांदा?" साडभाऊंनी विचारलं.

मुलगी डॅशबोर्डकडं पाहत राहिली. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं, ते मला मागूनही दिसत होतं.

"नाई बाबा. सगळे गेले."

"नीट पाय."

तिनं पुन्हा नीट पाहिलं. इंजिन चालू होतं. ताई उंबऱ्यापाशी थांबल्या होत्या. मी आधीच बंद असलेली डिकी पुन्हा दाबून बंद केली.

"एकबी नाई?"

"एकबी नाई, बाबा."

साडभाऊंनी दारावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला आणि मग उचलला.

"मंग ये, माय," ते म्हणाले.